मातृदिनाची पार्श्वभूमी : ग्राफ्टनच्या चर्चमधली पाचशे पांढरी फुलं

१० मे १९०८, रविवार. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यातलं ग्राफ्टन गाव. तिथल्या अँड्र्यूज मेथॉडिस्ट चर्चमध्ये त्या सकाळच्या उपासनेसाठी पाचशे पांढरी कार्नेशन्स आली होती. पाठवणारी अ‍ॅना जार्विस स्वतः तिथे नव्हती. फिलाडेल्फियात त्याच दिवशी होणाऱ्या दुसऱ्या सभेत ती होती. फुलं होती तिच्या आईच्या आठवणीची. तीन वर्षांपूर्वी, मे १९०५ मध्ये, अ‍ॅन रीव्ह्ज जार्विस वारल्या होत्या. याच चर्चच्या संडे स्कूलमध्ये त्यांनी कित्येक वर्षं मुलांना शिकवलं होतं. पवित्र शास्त्रातल्या मातांवरचा धडा संपवताना त्यांनी एकदा प्रार्थना केली होती, की आयांच्या सेवेची आठवण ठेवणारा एखादा दिवस कुणीतरी, कधीतरी सुरू करो. ते ऐकणारी अ‍ॅना तेव्हा बारा वर्षांची होती.

मे महिन्यातल्या दुसऱ्या रविवारचा मातृदिन इथून सुरू झाला. पण मला मुलीपेक्षा आईबद्दल जास्त सांगावंसं वाटतं.

अ‍ॅनबाईंना दहाहून अधिक मुलं झाली. त्यांतली चारच मोठी झाली. त्या काळी गोवर, विषमज्वर, घटसर्प घरंच्या घरं रिकामी करत. लेकरं पुरलेल्या या बाईने १८५८ मध्ये आसपासच्या गावांतल्या आयांची मंडळं उभी केली. औषधांसाठी पैसे जमवायचे, दूध तपासायचं, आई क्षयाने अंथरुणाला खिळली असेल तर तिच्या घरी कामाला बाई लावून द्यायची, अशी त्यांची कामं. मग अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं. त्या भागातले काही पुरुष उत्तरेकडून लढले, काही दक्षिणेकडून, अगदी शेजारी-शेजारी असूनसुद्धा. मंडळांनी बाजू घेतली नाही. छावणीत तापाने फणफणलेला सैनिक कुठल्या गणवेशातला आहे, हे न बघता या बायकांनी शुश्रूषा केली. युद्ध संपल्यावर १८६८ मध्ये जवळच्या प्रंटीटाउन गावातल्या कोर्टासमोर अ‍ॅनबाईंनी दोन्हीकडच्या सैनिकांना घरच्यांसह एकत्र बोलावलं. दंगल होईल अशी भीती होती, तरी बोलावलं.

मातृदिन म्हटलं की आपण आपापल्या आईपाशी थांबतो. अ‍ॅनबाईंचं आईपण दुसऱ्याच्या लेकरापर्यंत पोचलेलं होतं, आणि ख्रिस्ती श्रद्धेत आईचा मान पहिल्यापासून असाच घराबाहेर पसरलेला दिसतो.

‘आपला बाप व आपली आई ह्यांचा मान राख’ ही बायबलमधल्या दहा आज्ञांपैकी एक. मान म्हणजे नुसता नमस्कार नव्हे. मार्काच्या शुभवर्तमानात येशू शास्त्र्यांवर, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राच्या पंडितांवर, रागावतो, कारण माणसं आईबापांच्या वाट्याचं धन ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून त्यांना सांभाळायचं टाळत होती. देवाचं नाव पुढे करून आईला उपाशी ठेवणं त्याला मान्य नव्हतं. पुढे क्रुसावर प्राण जात असताना त्याने आपल्या आईला, मरियेला, एका शिष्याच्या हवाली केलं: पाहा, ही तुझी आई. पोटचा नसलेला मुलगा तिला घरी घेऊन गेला.

दुसऱ्यांच्या त्यागाची आठवण वेदीपाशी करण्याची रीतही तितकीच जुनी. पहिल्या काही शतकांतल्या ख्रिस्ती मंडळ्या रक्तसाक्ष्यांचा, म्हणजे श्रद्धेसाठी जीव दिलेल्यांचा, मृत्युदिन हाच त्यांचा जन्मदिन मानत आणि त्या दिवशी एकत्र जमत. इ.स. २०३ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजला मारल्या गेलेल्या पर्पेतुआचं बाळ अटकेच्या वेळी अंगावर पीत होतं; तिची सोबतीण फेलिसिटी तुरुंगातच बाळंत झाली होती. त्यानंतर जवळजवळ दोन शतकांनी, ३८७ मध्ये, पुढे संत म्हणून ओळखल्या गेलेल्या ऑगस्टीनची आई मोनिका रोमजवळच्या ऑस्टिया बंदरात आजारी पडली. मुलाने ख्रिस्ताकडे वळावं म्हणून तिने वर्षानुवर्षं अश्रू ढाळले होते. त्याचा बाप्तिस्मा त्याच वर्षी झाला होता. आपल्याला नवऱ्याशेजारीच पुरावं, ही तिची जुनी इच्छा. शेवटी मात्र ती म्हणाली, देह कुठेही ठेवा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. ऑगस्टीनने ते ‘कन्फेशन्स’ या आपल्या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. आईची आठवण कशी करावी, याबद्दल मला याहून जवळचं काही वाटत नाही.

इंग्लंडातला ‘मदरिंग संडे’ वेगळा. तो लेंटमधल्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या, चौथ्या रविवारी येतो. त्या दिवशीच्या बायबलवाचनात वरच्या, म्हणजे स्वर्गीय, यरुशलेमेला आपली आई म्हटलं आहे. माणसं आपल्या मूळ चर्चला जात. मोठ्या घरांत कामाला असलेल्या पोरींना सुट्टी मिळे आणि त्या वाटेवरची फुलं घेऊन आईकडे येत.

अमेरिकेत ९ मे १९१४ रोजी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांनी मातृदिन जाहीर केला आणि फुलांचे भाव चढले. अ‍ॅनाला ते सोसवेना. कार्नेशन मरताना पाकळ्या गाळत नाही, छातीशी कवटाळून घेतं, म्हणून तिने ते फूल निवडलं होतं. छापील कार्डांविरुद्ध, फुलबाजाराविरुद्ध ती उरलेलं आयुष्य भांडली. १९२५ मध्ये एका सभेत गोंधळ घातल्यावरून तिला अटकही झाली. १९४८ मध्ये ती गेली, तेव्हा जवळ पैसा उरला नव्हता. लग्न केलं नव्हतं, मूल नव्हतं. तिला आईच्या शेजारीच पुरलं आहे.

आता पुष्कळ चर्चमध्ये त्या रविवारी फूल प्रत्येक स्त्रीच्या हाती देतात, आणि मूल नसलेल्यांसाठी, मूल गमावलेल्यांसाठी वेगळी प्रार्थना होते.