पेन टॅब्लेट घेण्याआधी

एलिमेंटरी-इंटरमिजिएटचे निकाल लागले की नागपूरच्या बर्डीतल्या आमच्या दुकानात एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पोरीसाठी ड्रॉइंगचा टॅब पायजे होता जी, जास्त महाग नको." त्या परीक्षा कागदावरच होतात, त्यासाठी टॅब लागत नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. पण पोरगी फोनवर बोटानं चित्रं काढून काढून कंटाळली असेल, किंवा तुम्ही स्वतः पोस्टर, लोगो, कॉमिकच्या कामाला हात घालणार असाल, तर हे पत्रक तुमच्यासाठी आहे.

स्वस्तातला टॅब्लेट म्हणजे खरं तर एक काळी पाटी. तिला स्क्रीन नसतो. यूएसबीनं लॅपटॉपला जोडायची, पेन पाटीवर फिरवायचं, रेघ समोर स्क्रीनवर उमटते. वॅकॉम, हुइऑन आणि एक्सपी-पेन यांच्या अशा पाट्या साधारण २,५०० ते ७,००० रुपयांत येतात. हात खाली आणि नजर वर, त्यामुळे सुरुवातीला रेघ भलतीकडेच पळते. रोज अर्धा तास बसलं तर दोनेक आठवड्यांत हात बसतो. तीन दिवसांत "हे जमत नाही" म्हणून परत आणू नका, एवढीच विनंती.

खोक्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात दाबाच्या पातळ्या, म्हणजे पेनावरचा जोर पाटी किती पायऱ्यांत ओळखते ते, छापलेल्या असतात: २०४८, ४०९६, ८१९२. गिऱ्हाईक तिथेच अडकतं. साध्या चित्राच्या फाइलमध्ये एका रंगाच्या फिकट ते गडद अशा २५६ च पायऱ्या असतात. त्यामुळे २०४८ आणि ८१९२ मधला फरक डोळ्याला जवळपास कळत नाही. पेन अगदी हलकं टेकवल्यावर रेघ उमटते की जोर द्यावा लागतो, हे त्याहून महत्त्वाचं, आणि ते कोणत्याच खोक्यावर छापलेलं नसतं.

पैसे आकारावर घाला. वॅकॉमच्या 'वन बाय वॅकॉम'च्या लहान पाटीवर चित्र काढायची जागा १५२ बाय ९५ मिलिमीटर आहे. १५.६ इंची लॅपटॉपचा स्क्रीन साधारण ३४५ मिलिमीटर रुंद. म्हणजे हात १ सेंटिमीटर सरकला की स्क्रीनवर रेघ सव्वादोन सेंटिमीटर जाते, आणि हाताचा थरकापही तितकाच मोठा होतो. त्याच मॉडेलची मध्यम पाटी २१६ बाय १३५ ची, तिथे हे प्रमाण दीडपटीच्या थोडंसं वर राहतं. घरी २४ इंची मॉनिटर असेल तर लहान पाटी घेऊच नका. शिकवणीवाल्या सरांना मात्र आम्ही लहानच देतो. गणितं सोडवून दाखवायला ती पुरते आणि बॅगेत मावते.

पेन बिनबॅटरीचंच घ्या. पाटीच्या आत तारांची जाळी असते, तिच्यातून चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि पेनातल्या कॉइलला त्यातूनच वीज मिळते. म्हणून पेन हलकं राहतं आणि चार्जिंगची कटकट नसते.

दुकानात आल्यावर दोन गोष्टी स्वतः करून बघा. पाटीवर पट्टी ठेवून एक तिरकी रेघ अगदी सावकाश ओढा. बहुतेक जण आपलं नाव लिहून बघतात, पण शिरोरेषा आडवी असते, तिच्यात दोष लपून जातो. तिरक्या रेघेत पाटीचा नागमोडीपणा लगेच दिसतो. मग एक बांगडी ठेवून तिच्या कडेनं पेन फिरवा. स्क्रीनवर गोल न येता अंडं आलं, तर पाटी बिघडलेली नाही. पाटीची लांबी-रुंदी आणि स्क्रीनची लांबी-रुंदी जुळवायची राहिली आहे, एवढंच. ड्रायव्हरच्या, म्हणजे टॅब्लेट चालवायला लॅपटॉपवर टाकायच्या सॉफ्टवेअरच्या, सेटिंगमध्ये दोन मिनिटांचं काम.

स्क्रीनवाला टॅब्लेट, म्हणजे पेन डिस्प्ले, १५,००० च्या पुढे सुरू होतो. इथे आमचीच एक चूक सांगतो. वर्ध्याच्या एका मुलाला आम्ही असा डिस्प्ले दिला आणि त्याचा लॅपटॉप बघितलाच नाही. त्याला एचडीएमआयचं भोक नव्हतं, आणि टाइप-सी होतं ते फक्त डेटाचं, त्यातून चित्र बाहेर पडत नव्हतं. बिचारा दुसऱ्या दिवशी एसटीनं खोकं घेऊन परत आला. तेव्हापासून लॅपटॉप बघितल्याशिवाय आम्ही डिस्प्ले देत नाही.

फोनला जोडायचा विचार असेल तर मॉडेल अँड्रॉइडवर चालतं का, ते आधी विचारा. चाललं तरी फोन उभा धरला की पाटीचा एक अरुंद पट्टाच कामाला येतो. लॅपटॉपवर सॉफ्टवेअर विकत घ्यायची घाई नको. क्रिटा फुकट आहे आणि भरपूर आहे. रेघ उमटते पण जाड-बारीक होत नाही, अशी तक्रार आठवड्याला एकदा तरी येते. बहुतेक वेळा जुन्या टॅब्लेटचा ड्रायव्हर काढलेला नसतो, नाहीतर ड्रायव्हरच्या सेटिंगमधलं 'विंडोज इंक'चं बटण चालू हवं तिथे बंद किंवा बंद हवं तिथे चालू असतं. ते बदलून बघा, मगच फोन करा.

आता नागपूरचा उन्हाळा. पारा ४५ ला टेकला की घामेजलेला तळहात पाटीला चिकटतो आणि रेघ मध्येच अडखळते. शेवटची दोन बोटं झाकणारा ग्लोव्ह मिळतो, तो घ्या. जुन्या सुती मोज्याची बोटं कापूनही काम भागतं, आमचा कारागीर तेच वापरतो. पाटी स्कूटीच्या डिक्कीत ठेवून उन्हात गाडी उभी करू नका. कागदासारखा खरखरीतपणा यावा म्हणून काही जण पाटीवर कागद चिकटवतात. छान वाटतं, पण निब, म्हणजे पेनाचं टोक, भराभर झिजते. निब एका बाजूनं तिरकी झाली की बदला, नाहीतर पाटीवर ओरखडे पडतात. जादा निबा बहुतेक खोक्यांत असतात, त्या खोक्यासकट फेकू नका.

येताना लॅपटॉप आणा, आणि ज्याच्यासाठी घ्यायचंय त्यालाही सोबत आणा. मे महिन्यात दुपारी दोन ते चार बर्डीवर फारसं कोणी फिरकत नाही. दुकानात कूलर सुरू असतो, तेव्हा तासभर बसून काढून बघितलं तरी आम्ही काही म्हणत नाही.