पार्श्वभूमी : वसंतातला बर्फ आणि 24 तासांचा इशारा

मार्च-एप्रिलमध्ये काश्मीर-हिमाचलच्या बातम्यांत हिमस्खलनाचा इशारा येतो. त्यात जिल्ह्याचे नाव, अमुक मीटरच्या वरचा भाग, पुढील 24 तास आणि धोक्याची एक पातळी असते. बर्फवृष्टीच्या दिवसांत हे चालून जाते. वसंतात मात्र धोका तासागणिक बदलतो, आणि दिवसभरासाठी एकच पातळी पुरते का, या वादाचे मूळ तिथेच आहे.

आपल्याकडे हिमस्खलनाच्या अभ्यासाला नेट लागला तो 1962 च्या युद्धानंतर, सीमेवरच्या चौक्या आणि रस्ते वाढले तेव्हा. 1969 मध्ये मनालीत त्यासाठी खास संस्था उभी राहिली. युरोपातल्या देशांनी 1993 मध्ये धोक्याची पाच पातळ्यांची सामायिक मोजपट्टी स्वीकारली आणि पुढे तीच बहुतेक ठिकाणी रुळली.

पण वसंतात वितळू लागलेल्या ओल्या बर्फाला दिवसभरासाठी एक आकडा पुरत नाही. रात्र निरभ्र असली की बर्फाची उष्णता आकाशाकडे निघून जाते. हवा शून्याच्या किंचित वर असली तरी पृष्ठभाग गोठतो आणि पहाटे उतार दगडासारखा टणक लागतो. मग ऊन आधी पूर्वेच्या उतारावर येते, नंतर दक्षिणेच्या, शेवटी पश्चिमेच्या. बूट घोट्याच्या वर रुतायला लागला की तो उतार सोडायची वेळ झालेली असते. रात्र ढगाळ गेली तर हे गोठलेले कवच धरतच नाही आणि धोका पहाटेपासूनच असतो. म्हणून जाणकार खड्डा खणून दर 10 सेंटीमीटरवर तापमान घेतात. तळापर्यंत सगळीकडे 0 अंश भरले आणि मुठीत दाबलेल्या बर्फातून पाणी निथळले, तर थर कमकुवत होत चालला असे समजायचे. तळाशी हिवाळ्याच्या सुरुवातीचे, साखरेसारखे सुटे कण असतील तर झिरपलेले पाणी तिथवर पोचताच अख्खा उतार निसटू शकतो.

स्वित्झर्लंडमध्ये वसंतात सकाळ आणि दुपार यांचे वेगळे नकाशे देण्याची पद्धत पडली. त्यावर आक्षेप असा की दोन आकडे दिले की लोक सोयीचा तोच वाचतात. आक्षेप खोटा नाही. तरीही दुपारचा धोका दिवसभराच्या सरासरीत दडवण्यापेक्षा दोन आकडे केव्हाही बरे.

हिमालयात हा प्रश्न आता जास्त टोचतो, कारण रस्ते लवकर उघडतात. श्रीनगर-लेह रस्त्यावरचा झोजीला घाट 2023 मध्ये बंद झाल्यावर 68 दिवसांनी, 16 मार्चला उघडला. 2025 मध्ये बंद झाल्यावर 32 दिवसांतच, 1 एप्रिलला. 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममधल्या नाथूलाच्या रस्त्यावर भरदुपारी हिमस्खलनात 7 पर्यटक गेले. सुट्टीत तिकडे जाणाऱ्यांत मराठी कुटुंबे पुष्कळ असतात. सगळ्याच दुर्घटना उन्हामुळे होत नाहीत, हेही खरे. 28 फेब्रुवारी 2025 रोजी उत्तराखंडमधल्या माणाजवळ हिमस्खलनात 8 कामगार गेले ते जोरदार बर्फवृष्टीत, सकाळी. तिथे 24 तासांचा इशारा योग्यच असतो. पण एप्रिलच्या स्वच्छ दिवशी घाट चढणाऱ्या गाडीला किती वाजेपर्यंत पलीकडे पोचायचे हे कळायला हवे, आणि जिल्हावार पातळीत ती वेळ नसते.