रियास बायशास वाइन प्रदेश

रियास बायशास हा स्पेनच्या वायव्य टोकाला, गालिसियाच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा वाइन प्रदेश आहे. त्याचा बहुतेक भाग पोन्तेवेद्रा जिल्ह्यात येतो. आल्बारिन्यो जातीच्या द्राक्षाची फिकट पिवळी, चांगली आंबट आणि सुवासिक व्हाइट वाइन ही त्याची ओळख. लागवडीचे क्षेत्र सुमारे ४ हजार हेक्टर असून त्याचा फार मोठा हिस्सा या एकाच जातीखाली आहे.

स्पेन म्हटले की रखरखीत पठारे डोळ्यांसमोर येतात. इथे मात्र समुद्र खाड्यांमधून खोल आत शिरलेला आहे आणि वर्षाला साधारण १६०० मिलिमीटर पाऊस पडतो. उन्हाळ्यातही सकाळी धुके असते. द्राक्षाच्या वेलीला हे हवामान सोसत नाही. केवडा, भुरी आणि घडकूज या बुरशीजन्य रोगांची टांगती तलवार हंगामभर असते. इथली शेतीची जवळजवळ प्रत्येक रीत या ओलाव्याशी जुळवून घेताना घडलेली आहे.

त्यातली सर्वांत ठळक रीत म्हणजे मांडव. ग्रॅनाइटचे खांब रोवून त्यांवर तारा ताणतात आणि वेल साधारण २ मीटर उंचीवर आडवा पसरवतात. नाशिक-सांगलीकडची खाण्याच्या द्राक्षांची मांडव पद्धत पाहिलेल्याला ही रचना लगेच ओळखू येईल. फरक हेतूचा आहे: तिकडे पानांची सावली घडांना उन्हापासून वाचवते, तर इथे घड ओल्या जमिनीपासून दूर राहावेत आणि खालून वारा खेळावा, यासाठी हा खटाटोप. लाकडी खांब या हवेत लवकर कुजतात आणि ग्रॅनाइट तर पायाखालीच असतो. तो झिजून झालेली रेताड, आम्लधर्मी माती पावसाचे पाणी धरून ठेवत नाही, ही या बागांची मोठीच सोय. पूर्वी मांडवाखाली बटाटे, कोबी असे घरखर्चाचे पीकही निघे. आता काही बागा तारांच्या उभ्या रांगांवर घेतल्या जातात. त्यात मजुरी कमी लागते, पण किनाऱ्यालगत मांडव अजून हटलेला नाही.

वारसांमधल्या वाटण्यांनी जमिनीचे इतके तुकडे झाले आहेत की, ५ हजारांच्या आसपास शेतकऱ्यांकडे मिळून २० हजारांहून अधिक तुकडे भरतात. एकेका घराकडे काही गुंठेच, तेही विखुरलेले. त्यामुळे बहुतेक शेतकरी स्वतः वाइन न बनवता द्राक्षे वायनरीला किंवा सहकारी संस्थेला देतात. कांबादोस या किनाऱ्यावरच्या गावातली मार्तिन कोदाश ही १९८६ मध्ये सुरू झालेली वायनरी अशाच शेतकऱ्यांनी एकत्र येऊन उभारली. तिचे नाव तेराव्या शतकातल्या एका गालिसियन कवी-गायकाचे आहे.

तोडणी सप्टेंबरमध्ये, हातानेच होते. मांडवाखाली यंत्र चालवणे कठीणच. रस थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाक्यांत आंबवतात. थंड हवेमुळे द्राक्षात मॅलिक आम्ल भरपूर राहते. जिवाणूंच्या साहाय्याने त्याचे सौम्य लॅक्टिक आम्ल करता येते, पण इथले बरेच उत्पादक ही पायरी टाळतात किंवा फार आंबट वर्षीच अर्धवट होऊ देतात. मद्यार्काचे प्रमाण साधारण १२ ते १३ टक्के. आल्बारिन्यो तरुणपणीच प्यायची वाइन, असा समज रूढ आहे. तो अर्धाच खरा. यीस्टच्या गाळावर दीर्घकाळ ठेवलेल्या वाइनी आंबटपणाच्या जोरावर अनेक वर्षे टिकतात आणि जास्त बोलक्या होतात.

प्रदेशाचे पाच उपविभाग आहेत. कांबादोसभोवतीचा, समुद्राला चिकटलेला वाल दो साल्नेस सर्वांत थंड आणि सर्वांत महत्त्वाचा. मिन्यो नदीकाठच्या ओ रोसालमध्ये लोउरेइरा आणि आतल्या, उबदार कोन्दादो दो तेआमध्ये त्रेइशादुरा या जाती आल्बारिन्योत मिसळतात. सोउतोमायोर आणि रिबेइरा दो उल्या हे नंतर जोडलेले छोटे विभाग. काइन्यो, एस्पादेइरो अशा काळ्या द्राक्षांची आंबटढाण रेड वाइनही निघते, पण ती फारशी बाहेर जात नाही.

फेफिन्यानेस वायनरी १९०४ पासूनची असली, तरी १९८० च्या दशकापर्यंत इथली बरीचशी वाइन घरोघरी पिंपांत बनून गावातच संपत असे. कायदेशीर संरक्षण १९८० मध्ये मिळाले ते आल्बारिन्यो या जातीच्या नावाने. स्पेन १९८६ मध्ये युरोपीय समुदायात गेल्यावर द्राक्षाच्या नावावर असे संरक्षण चालेना, म्हणून १९८८ मध्ये प्रदेशाच्या नावाने नवी नोंदणी झाली. घरगुती परंपरा ‘फुरांचो’त टिकून आहे: शेतकरी हंगामापुरती घराचीच खानावळ करतो, दारावर तमालाच्या कुळातल्या लॉरेलची फांदी टांगतो आणि मोजक्या पदार्थांसोबत स्वतःची उरलेली वाइन विकतो. कांबादोसचा आल्बारिन्यो उत्सव १९५३ पासून ऑगस्टच्या आरंभी भरतो. तिथे आणि एरवीही ही वाइन कालवं, ऑक्टोपस यांच्यासोबत पितात.

मध्ययुगीन साधूंनी ऱ्हाइनकाठचे रीझलिंग हे द्राक्ष इथे आणले आणि त्याचेच आल्बारिन्यो झाले, ही कथा अजून सांगितली जाते. जनुकीय तपासणीत असे नाते आढळलेले नाही. मिन्योपलीकडे पोर्तुगालच्या मोन्सांव-मेलगासू भागात हेच द्राक्ष आल्वारिन्यू म्हणून पिकते आणि तिथल्या जास्त उन्हामुळे वाइन थोडी भरदार होते. ऑस्ट्रेलियातल्या बागायतदारांनीही आल्बारिन्यो म्हणून वेली लावल्या होत्या. त्या फ्रान्समधल्या सावान्यां या दुसऱ्याच जातीच्या असल्याचे २००९ मध्ये उघड झाले आणि अनेकांना बाटल्यांवरचे नाव बदलावे लागले.