आधीपासूनचा वाद : सेवाशुल्काच्या दाव्यात कंपनीचा बचाव

आधीपासूनचा वाद, वकिलांच्या बोलण्यात 'प्री-एक्झिस्टिंग डिस्प्युट', हा नादारी आणि दिवाळखोरी संहिता २०१६ म्हणजे आयबीसी या भारतीय कायद्यातला कंपनीचा एक फार महत्त्वाचा बचाव आहे. समजा एखाद्या एजन्सीने, सॉफ्टवेअरवाल्याने किंवा कन्सल्टंटने सेवेचं बिल लावलं, कंपनीने ते अडवून ठेवलं, आणि समोरच्याने थेट एनसीएलटीत म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात जाऊन या कंपनीची दिवाळखोरी प्रक्रिया सुरू करा असा अर्ज टाकला. तेव्हा कंपनी असं म्हणू शकते की पैसे नाहीत म्हणून आम्ही थांबवलेले नाहीत, त्या बिलावर आमचं भांडण आहे आणि ते तुमची पैसे मागणारी नोटीस यायच्या आधीपासून चालू आहे. हे कागदावर दिसलं तर अर्ज फेटाळला जातो. सगळा जोर 'आधीपासून' या एका शब्दावर आहे आणि बऱ्याच कंपन्या नेमक्या तिथेच अडकतात, कारण काम वाईट झालं तेव्हा फोनवर आरडाओरडा केलेला असतो पण लेखी एक ओळसुद्धा नसते.

हा बचाव आज ज्या रूपात आहे ते ठरलं एका मुंबईकडच्या प्रकरणातून, आणि त्याचं मूळ निघतं 'नच बलिये' या डान्स शोमध्ये. स्टार टीव्हीने शोच्या टेलि-व्होटिंगचं काम मोबिलॉक्स इनोव्हेशन्सला दिलं, मोबिलॉक्सने ते पुढे किरुसा सॉफ्टवेअरला दिलं, ऑक्टोबर ते डिसेंबर २०१३ मध्ये परचेस ऑर्डरी निघाल्या. प्रेक्षक ज्या टोल-फ्री नंबरांवर फोन करून आवडत्या जोडीला मत द्यायचे ते नंबर आणि मतं मोजणारं सॉफ्टवेअर किरुसाचं. डिसेंबर २०१३ ते नोव्हेंबर २०१४ दर महिन्याला बिलं गेली, ३० दिवसांत पैसे द्यायचे असं ठरलेलं, आणि २०१४ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत किरुसाकडून पैशांसाठी मेल जात राहिले. दोघांमध्ये गोपनीयतेचा करारही झालेला होता. मग ३० जानेवारी २०१५ ला मोबिलॉक्सने मेल केला की तुम्ही तुमच्या वेबसाइटवर 'नच बलिये'चं काम आम्ही केलं असं जाहीर केलंय, हा गोपनीयतेचा भंग आहे, म्हणून तुमची पेमेंट थांबवतोय. हा एक मेल पुढे सगळ्यात जास्त कामाला आला.

आयबीसीतल्या संबंधित तरतुदी १ डिसेंबर २०१६ ला लागू झाल्या, आणि त्याच महिन्यात २३ तारखेला किरुसाची कलम ८ खालची डिमांड नोटीस, म्हणजे अर्जाआधी थकलेले पैसे मागणारी नोटीस, गेली. मोबिलॉक्सने चारच दिवसांत, २७ डिसेंबरला उत्तर दिलं की वाद आहे आणि तो गंभीर आहे. २७ जानेवारी २०१७ ला एनसीएलटीने किरुसाचा अर्ज फेटाळला, २४ मे २०१७ ला अपील न्यायाधिकरणाने म्हणजे एनसीएलएटीने तो निकाल फिरवला, त्यांच्या मते मोबिलॉक्सचं म्हणणं मोघम होतं आणि पैसे चुकवण्यासाठी उभं केलेलं होतं. शेवटी २१ सप्टेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन आणि संजय किशन कौल यांच्या खंडपीठाने मोबिलॉक्सच्या बाजूने निकाल दिला. त्यांनी घालून दिलेली कसोटी आजही एनसीएलटीच्या देशभरच्या पीठांपुढे रोज वाचली जाते.

कसोटी अशी की न्यायाधिकरणाने फक्त एवढंच बघायचं की वाद खरोखर अस्तित्वात आहे का आणि त्यात आणखी चौकशी करण्यासारखं काही आहे का. बचाव शेवटी जिंकेल की हरेल हे तिथे तपासायचंच नाही. पण धान्य आणि फोलपट वेगळं करायचं. म्हणजे पुराव्याशिवायचं नुसतं म्हणणं, पोकळ कायदेशीर मुद्दा, केवळ कल्पनेतला वाद हे बाजूला काढायचं. याच निकालात आणखी एक गोष्ट झाली, छोटी दिसते पण फार मोठी आहे. कलम ८ मध्ये तेव्हा 'वादाचं अस्तित्व आणि दावा किंवा लवाद प्रलंबित असल्याची नोंद' असे शब्द होते, त्यातला 'आणि' कोर्टाने 'किंवा' असा वाचला. नाहीतर जिने अजून कोर्टाची पायरी चढलेली नाही अशा कंपनीकडे वाद असूनही बचाव उरला नसता. पुढे २०१८ च्या दुरुस्तीत संसदेने शब्दच बदलून टाकला.

ही कल्पना काही आयबीसीने शोधलेली नाही. जुन्या कंपनी कायद्यात १९५६ पासून कलम ४३३ आणि ४३४ खाली वाइंडिंग-अपची म्हणजे कंपनी गुंडाळण्याची याचिका व्हायची, २१ दिवसांची नोटीस असायची, आणि प्रामाणिक वाद असलेल्या देण्यासाठी कंपनी बंद करण्याची धमकी वापरायची नाही हे तेव्हाही कोर्टं सांगत होती. १९७१ चा मधुसूदन गोरधनदास विरुद्ध मधु वूलन इंडस्ट्रीज हा निकाल त्यासाठी कायम काढला जातो. फरक धोक्याच्या वेगात आहे. आता अर्ज दाखल करून घेतला की संचालक मंडळाचे अधिकार त्याच दिवशी निलंबित होतात, कारभार अंतरिम रिझोल्यूशन प्रोफेशनल या नेमलेल्या व्यावसायिकाच्या हातात जातो आणि कलम १४ चं स्थगन लागतं, म्हणजे कंपनीविरुद्धचे दावे आणि वसुली थांबते. बायजूसचं उदाहरण सगळ्यांनी पेपरात वाचलंय, बीसीसीआयच्या सुमारे १५८ कोटींच्या प्रायोजकत्वाच्या थकबाकीवरून एनसीएलटीच्या बंगळुरू पीठाने १६ जुलै २०२४ ला अर्ज दाखल करून घेतला आणि एवढी मोठी कंपनी प्रक्रियेत गेली.

नोटीस आल्यावर कंपनीकडे १० दिवस असतात. एकतर पैसे द्या आणि दिल्याचा पुरावा पाठवा, नाहीतर वाद आहे हे कळवा. कलम ५(६) प्रमाणे वाद तीन गोष्टींवरून असू शकतो: मुळात देणं आहे का किंवा किती आहे, मालाचा किंवा सेवेचा दर्जा, आणि दिलेल्या हमीचा भंग. उत्तर पाठवलं नाही म्हणून बचाव कायमचा बुडाला असं होत नाही, जुने कागद नंतरही पीठापुढे ठेवता येतात, पण मग 'तेव्हा गप्प का होता' या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं आणि त्याचं चांगलं उत्तर सहसा कुणाकडे नसतं. उत्तरात 'सेवा असमाधानकारक होती' एवढंच लिहून भागत नाही. अमुक तारखेला सर्व्हर बंद होता, अमुक मेलमध्ये आम्ही कळवलं, तुमच्या माणसाने अमुक मेलमध्ये ते मान्य केलं, करारातल्या अमुक कलमाप्रमाणे एवढी रक्कम कापायची होती, असं बिलागणिक लिहावं लागतं. जेवढ्या रकमेवर वाद नाही तेवढी देऊन टाकावी असं माझं स्पष्ट मत आहे. त्याने बचाव कमजोर होत नाही, उलट पीठाला दिसतं की कंपनीकडे पैसे आहेत आणि अडवलंय ते कारण असल्यामुळेच.

वाद नसला तरी आणखी काही मुद्दे असतात. २४ मार्च २०२० पासून एनसीएलटीत यायला किमान १ कोटीची थकबाकी लागते, त्याआधी १ लाख पुरत होते. किरुसाचा दावा साधारण २० लाखांचा होता, तो आज तिथे दाखलच झाला नसता. अर्ज करायची मुदत थकबाकी झाल्यापासून तीन वर्षांची आहे. आणि २५ मार्च २०२० ते २४ मार्च २०२१ या कोविडच्या वर्षात झालेल्या थकबाकीसाठी कलम १०अ प्रमाणे असा अर्ज कधीच करता येत नाही.

आता कंपनीचा बचाव बहुतेक वेळा कुठे फुटतो, तर तिच्याच अकाउंट्स डिपार्टमेंटमध्ये. दरवर्षी ३१ मार्चच्या आसपास व्हेंडरचा मेल येतो, सोबत लेजर जोडलेलं, 'कृपया बॅलन्स कन्फर्म करा'. अकाउंट्समधला मुलगा टॅली उघडतो, आपल्याकडचा आकडा आणि समोरचा आकडा जुळतो का बघतो, जुळला की 'कन्फर्म्ड' लिहून शिक्क्यासकट परत पाठवतो. त्याचं काम त्याने चोख केलेलं असतं, बिचाऱ्याला माहीतच नसतं की वरच्या मजल्यावर ऑपरेशन्सची मॅडम सहा महिने त्याच व्हेंडरशी भांडतेय. पण त्या एका शब्दाने दोन गोष्टी होतात, देणं मान्य केल्यासारखं दिसतं आणि मुदत कायद्याच्या कलम १८ खाली तीन वर्षांचं घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होऊ शकतं. तसंच जीएसटीचं. वादातल्या बिलावर कंपनीने इनपुट टॅक्स क्रेडिट, म्हणजे त्या बिलातल्या जीएसटीची वजावट, घेतलेलं असलं की समोरचा वकील पहिलं तेच दाखवतो. त्यात नियम असाही आहे की पुरवठादाराला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर ते क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, म्हणजे वाद खरा असेल तर जीएसटीच्या रिटर्नमध्येसुद्धा त्याचा माग दिसायला हवा. टीडीएस कापून भरला तर तो समोरच्याच्या २६एएसमध्ये म्हणजे आयकर खात्याकडच्या करनोंदींच्या पत्रकात दिसतो. एकट्या टीडीएसवरून देणं सिद्ध होत नाही, पण कन्फर्मेशन, क्रेडिट आणि टीडीएस तिन्ही एका बाजूला आणि 'सेवा वाईट होती' हे तोंडी म्हणणं दुसऱ्या बाजूला, असं झालं की निकाल काय येणार हे कुणीही सांगेल.

म्हणून ज्या दिवशी काम बिघडलं त्याच दिवशी मेल जायला हवा, बिल 'वादग्रस्त' म्हणून लेजरमध्ये वेगळं काढायला हवं, आणि अकाउंट्सला ते कळवायला हवं. फार कायदेशीर भाषेची गरज नाही, साध्या मराठीत लिहिलं तरी चालतं, पण तारीख हवी आणि कोणत्या बिलाबद्दल बोलतोय ते हवं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं भांडणही पुरावा होतं, मात्र इलेक्ट्रॉनिक पुराव्याला सर्टिफिकेट लागतं. जालन्याच्या निवडणूक खटल्यात, खोतकर विरुद्ध गोरंट्याल, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने ही अट पक्की केली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्या सर्टिफिकेटचे दोन भाग झालेत, एक पक्षकाराचा आणि एक तज्ज्ञाचा, त्यात हॅश व्हॅल्यूही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा, द्यावी लागते. फोन बदलताना जुने चॅट उडवणाऱ्या मॅनेजरांना हे कुणीतरी आधीच सांगायला पाहिजे.

१ कोटीच्या खालचे दावे दुसऱ्या दारांनी येतात. ३ लाखांपासून पुढचा सेवा-कराराचा वाद कमर्शियल कोर्टात जातो, तातडीचा हुकूम नको असेल तर आधी मध्यस्थी सक्तीची, आणि समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत, फार तर १२० दिवसांत कैफियत म्हणजे लेखी उत्तर दिलं नाही तर ती देण्याचा हक्कच जातो. समरी सूट, म्हणजे पैशांच्या वसुलीचा झटपट चालणारा दावा, असेल तर १० दिवसांत हजेरी नोंदवायची आणि नंतर जजमेंटसाठीचं समन्स मिळालं की पुन्हा १० दिवसांत 'लीव्ह टू डिफेन्ड' म्हणजे बचाव करायची परवानगी मागायची. इथेही कोर्ट बचावाची प्रत बघतं, ठोस असेल तर बिनशर्त परवानगी, शंकास्पद असेल तर रक्कम भरा मग लढा, निव्वळ दिखावा असेल तर परवानगीच नाही. उलट नुकसान झालं असेल तर कंपनी प्रतिदावा किंवा वजावटही मागू शकते.

सगळ्यात अवघड दार एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिलचं, म्हणजे लहान उद्योगांची थकलेली बिलं सोडवणाऱ्या सरकारी परिषदेचं. व्हेंडर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल तर २००६ च्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ व्याज, आणि निवाडा विरोधात गेला तर त्याला आव्हान द्यायला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. याच कायद्यात एक तरतूद आहे जी खरेदी विभागातल्या लोकांना सहसा माहीत नसते: सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर ती सेवा स्वीकारली असं धरलं जातं. पंधरा दिवस. इथे 'आधीपासूनचा वाद' म्हणजे किती आधीपासून हे कायद्याने आकड्यातच सांगून टाकलंय. एक मुद्दा कंपनीच्या बाजूने आहे, करार आणि पुरवठा झाल्यानंतर नोंदणी करून मागच्या कामासाठी या कायद्याचा फायदा घेता येत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये महाकाली फूड्स प्रकरणात सांगितलं, म्हणून व्हेंडरच्या उद्यम सर्टिफिकेटवरची म्हणजे या नोंदणीच्या दाखल्यावरची तारीख पहिल्यांदा बघावी.

या बचावाचा गैरवापर होतो हेही लिहायलाच हवं. पाच-सात माणसांची एजन्सी, पगार तोंडावर आलेले, आणि मोठी कंपनी काम नीट वापरून झाल्यावर एक वर्षाने कुठल्यातरी जुन्या मेलमधली किरकोळ तक्रार काढून 'वाद आहे' म्हणते, तेव्हा त्या एजन्सीचं जे होतं ते वाईट असतं. फोलपट वेगळं करण्याची कसोटी अशाच वेळेसाठी आहे, आणि पीठं असे बनावट वाद फेटाळतातही.

आणि आधीपासूनचा वाद सिद्ध झाला म्हणजे देणं संपलं असा त्याचा अर्थ नसतो. मोबिलॉक्स प्रकरणात गोपनीयतेचा भंग खरोखर झाला होता का आणि किरुसाचे पैसे निघतात का, हे सर्वोच्च न्यायालयाने ठरवलंच नाही, ते दिवाळखोरीच्या अर्जात ठरवायचं नव्हतंच. अशा अर्जदाराला दिवाणी दावा किंवा करारात असेल तर लवादाचा मार्ग उरतो, आणि एनसीएलटीत गेलेला काळ मुदतीतून वगळून मागायला मुदत कायद्याचं कलम १४ असतं.