कंट्री बुफे

अमेरिकेतील खेड्यापाड्यांच्या घरगुती पद्धतीचे जेवण एकाच ठरावीक दरात, पोटभर, स्वतःच्या हाताने वाढून घेण्याचे उपाहारगृह. तळलेले चिकन, मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेले गोमांस म्हणजे पॉट रोस्ट, मीटलोफ म्हणजे खिमा लादीसारखा थापून भाजलेला पदार्थ, कुस्करलेला बटाटा आणि त्यावरची ग्रेव्ही, मॅकरोनी-चीज, घेवड्याच्या शेंगा, मक्याच्या पिठाचा कॉर्नब्रेड आणि शेवटी गरम पीच कॉब्लर म्हणजे पीच फळांवर पिठाचा थर देऊन भाजलेला गोड पदार्थ हे इथले ठरलेले पदार्थ. दक्षिणेकडील राज्ये, मिडवेस्ट आणि पेनसिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यात ही परंपरा विशेष रुजली.

मूळ कल्पना स्वीडनच्या स्मॉर्गसबोर्डची, म्हणजे अनेक पदार्थ एका टेबलावर मांडून ज्याने त्याने वाढून घेण्याच्या पद्धतीची. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनातील स्वीडिश उपाहारगृहामुळे ती अमेरिकेत सर्वतोमुखी झाली. लँकेस्टर परगण्यातील मिलर्स हे उपाहारगृह मात्र १९२९ पासूनचे आहे. साखळी उपाहारगृहे बरीच नंतर आली. गोल्डन कोरल १९७३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील फेएटव्हिल येथे आणि रायन्स १९७७ मध्ये साउथ कॅरोलिनातील ग्रीनव्हिल येथे निघाले. दोन्हींची सुरुवात स्टेकहाउस म्हणून झाली. बुफे पुढे मुख्य झाला. ओल्ड कंट्री बुफे १९८३ मध्ये मिनेसोटात निघाले आणि १९९६ मध्ये होमटाऊन बुफेची साखळी त्याच कंपनीत विलीन झाली.

पूर्वी पदार्थांची एकच लांब ओळ असे. पुढच्याला चिकनचा तुकडा निवडायला वेळ लागला की मागचे सगळे ताटकळत. म्हणून अनेक ठिकाणी सॅलड, गरम भाज्या, मांस, पाव आणि गोड पदार्थ यांची सुटी बेटे मांडली गेली; ज्याला जे हवे तो थेट तिकडे जातो. एकाच प्रचंड मांडणीची पद्धतही टिकून आहे. लँकेस्टर परगण्यातील ईस्ट अर्ल येथे १९८५ मध्ये सुरू झालेल्या शेडी मेपल या उपाहारगृहाची मांडणी २०० फूट लांब आहे. ते रविवारी बंद असते, हे प्रवास आखताना लक्षात ठेवावे.

बुफेची प्रत पदार्थांच्या संख्येवर ठरत नाही. ट्रे किती लवकर रिकामा होतो, यावर ती ठरते. गरम पाण्याच्या वाफेवर चालणारे स्टीम टेबल अन्न फक्त गरम राखते. ते शिजवण्यासाठी किंवा गार झालेले अन्न पुन्हा तापवण्यासाठी नसते. त्यातला पूर्ण मापाचा ट्रे सुमारे १२ बाय २० इंचांचा आणि अडीच, चार किंवा सहा इंच खोल असतो. जाणता स्वयंपाकी गर्दी ओसरली की निम्म्या मापाचे, उथळ ट्रे लावतो आणि थोडे थोडे, पुन्हा पुन्हा शिजवतो. जुन्या अन्नावर नवे ओतणे ही सर्वांत वाईट सवय. त्याने तळाचा थर दिवसभर तिथेच राहतो आणि नव्याची चवही बिघडते.

प्रत्येक पदार्थ आपापल्या तऱ्हेने बिघडतो. तळलेले चिकन झाकले किंवा खोल ट्रेमध्ये रचले की स्वतःच्याच वाफेने त्याचे आवरण मऊ पडते. ते जाळीवर, दिव्याच्या उष्णतेखाली, एकाच थरात ठेवावे लागते. मॅकरोनी-चीजच्या कडा करपतात, मधला भाग गिच्च होतो. कुस्करलेल्या बटाट्यावर कोरडा पापुद्रा धरतो. ग्रेव्ही आटून घट्ट होते, तेव्हा गरम स्टॉक म्हणजे मांस-हाडे उकळून काढलेले पाणी घालून ती सैल करतात. शेंगांचा हिरवा रंग राखाडी होतो. मात्र अमेरिकेच्या दक्षिणेकडील पद्धतीत शेंगा मुळातच खूप वेळ शिजवतात, त्यामुळे तिथे रंगावरून शिळेपणा ठरवू नये. स्टीम टेबलावरची ट्रे काढलेली रिकामी खाच झाकली नाही तर तिथून वाफ निसटते आणि शेजारचे ट्रे गार पडतात.

फूड कोड या अमेरिकेच्या अन्नसुरक्षेच्या नियमसंहितेनुसार गरम अन्न १३५ अंश फॅरनहाइट (५७ अंश सेल्सियस) किंवा अधिक, तर थंड अन्न ४१ अंश फॅरनहाइट (५ अंश सेल्सियस) किंवा कमी तापमानाला राखावे लागते. भाजलेले अखंड मांस मात्र १३५ अंशांहून थोड्या कमी तापमानाला ठेवलेले चालते. अन्नावरची तिरपी काच खोकल्या-शिंकेपासून बचावासाठी असते; तिच्या कल्पनेचे श्रेय स्मॉर्गसबोर्ड चालवणारे जॉनी गार्नो यांना जाते आणि त्यांच्या पेटंटचा अर्ज १९५९ चा आहे. दर फेरीला स्वच्छ ताट घ्यायचे हाही याच संहितेतील नियम. उष्ट्या ताटाला पळी लागली की ट्रेमधले सारे अन्न दूषित होऊ शकते. पेयाचा तोच पेला मात्र पुन्हा भरता येतो, कारण तिथे पळीचा प्रश्न नसतो.

बहुतेक साखळ्यांत पैसे दारातच आधी द्यायचे असतात. मुलांचा दर वयानुसार असतो, ज्येष्ठांना सवलत मिळते, विक्रीकर वेगळा लागतो. दुपारचा दर चारच्या सुमारास संपून रात्रीचा लागू होतो. संध्याकाळी गर्दीआधी कमी दर ठेवणारी ठिकाणेही असतात. स्वस्त जेवण हवे तर दर बदलण्याआधी जावे, ताजे हवे तर गर्दी भरू लागताना. रविवारी चर्च सुटल्यावर ट्रे सर्वांत वेगाने बदलतात. दुपारी तीनला दालन निवांत असते, पण अन्नही तितकेच निवांत पडून असते.

ताट घेण्याआधी सगळी मांडणी एकदा रिकाम्या हाताने फिरून पाहावी. पाव, बटाटा आणि पास्ता स्वस्त आणि पोट भरणारे. पहिल्याच फेरीत त्यांनी ताट भरले तर कापून वाढल्या जाणाऱ्या रोस्टला जागा उरत नाही. कापणाऱ्याकडे कडेचा खरपूस तुकडा किंवा मधला लालसर भाग मागून घेता येतो. नुकताच बदललेला ट्रे दिसला की तिकडे वळावे, मग तो पदार्थ ठरवलेला नसला तरी चालेल.

शाकाहारी व्यक्तीने इथे फार सावध राहावे, कारण भाजी दिसते म्हणून ती शाकाहारी असतेच असे नाही. शेंगांत बेकन, कोलार्ड या कोबीवर्गीय भाजीच्या पाल्यात डुकराच्या पायाचा खारवलेला तुकडा, पिंटो राजम्यात हॅम, कॉर्नब्रेडमध्ये किंवा पायच्या आवरणात डुकराची चरबी असू शकते. भाताला बहुधा चिकन स्टॉक असतो. नुसते 'मांस आहे का' असे न विचारता बेकन, स्टॉक आणि चरबी यांची नावे घेऊन विचारावे. सॅलड, फळे, साधा भाजलेला बटाटा हे त्यातल्या त्यात निर्धोक.

२००६ मध्ये रायन्स विकत घेणारी ओल्ड कंट्री बुफेची कंपनी २००८, २०१२ आणि २०१६ अशी तीनदा दिवाळखोरीत गेली, आणि २०२० च्या महासाथीत तिची उरलेली दालने बंद पडली. गोल्डन कोरल टिकले. त्या काळात काही ठिकाणी कर्मचारीच काउंटरमागून वाढून देत.

टेबलावर पेये आणणारा आणि उष्टी ताटे उचलणारा सेवक असतो. दारात पैसे दिलेले असले तरी त्याच्यासाठी टेबलावर बक्षिसी ठेवण्याची रीत आहे. पूर्ण सेवेच्या उपाहारगृहापेक्षा ती कमी, साधारण दहा टक्के असते. उरलेले अन्न बांधून नेता येत नाही. काही ठिकाणी घरी नेण्याचा डबा वजनावर वेगळा विकतात. तो हवा असेल तर दारातच सांगावे.