पान उलटून बघा: कोरीव की उठावाचं?

झवेरी बाजारात पानाफुलांचं कुठलंही पेंडंट उचला, काउंटरवरचा माणूस म्हणणार, ‘हँडवर्क नक्षी आहे, ताई.’ नक्षी खरीच, पण कोणती? सोन्यात आंब्याचं पान दोन अगदी उलट्या रीतींनी उतरतं.

कोरीव कामात सोनं काढून टाकतात. दागिना लाखेत घट्ट बसवायचा आणि टोकदार पोलादी कोरणीनं रेघ खोदायची. प्रत्येक रेघेसरशी बारीक सालपट निघतं. खाचेच्या उतरत्या भिंतींवर उजेड पडला की शीर चमकते. ते सालपट म्हणजे सोनंच, म्हणून कारखान्याची जमीनसुद्धा जपून झाडतात. त्या केरातून सोनं काढणाऱ्यांना आपल्याकडे झारेकरी म्हणतात. हिशेबात ‘घट’ येते ती काही अंशी इथूनच.

उठावाच्या कामात सोनं काढत नाहीत, ढकलतात. पातळ पत्रा राळेवर ठेवून मागून बोथट अवजारानं ठोकायचा, मग पुढून कडा आणि शिरा बसवायच्या. ठोकता ठोकता सोनं कडक होतं, तापवलं की पुन्हा नरम. असं कितीदा तरी.

ओळखायचं कसं? उलटून बघा. कोरीव पान मागून बहुधा सपाट, उठावाच्या पानामागे खळगे. मागे पत्रा लावून बंद केलं असेल तर मात्र ही खूण उपयोगाची नाही. मग आत लाख भरली आहे का आणि ती वजनात धरली आहे का, हे आधी विचारा.

मला स्वतःला आंब्याच्या पानासाठी उठावच आवडतो. खरं पान पालथं केलं की मधली शीर बोटाला लागते, तशी. पण रोज घालायचं असेल तर विचार करावा: पोकळ पानाला पोचा पटकन येतो. कोरीव रेघाही अमर नसतात म्हणा. २२ कॅरेट म्हणजे ९१.६ टक्के सोनं, धातू मऊ. आईच्या पाटल्यांवरची वेल आता तिरक्या उन्हातच दिसते.

आणि एक तिसरं, ठशाचं काम. यंत्रानं दाबलेलं पान मागून हुबेहूब उठावासारखंच दिसतं. कानातल्यांची जोडी शेजारी धरा. दोन्ही पानांत एका शिरेचंही वळण वेगळं नसेल, तर हातकामाची घडणावळ देऊ नका.