शिक्रा

शिक्रा हा भारतभर आढळणारा, साधारण कबुतराएवढा शिकारी पक्षी. लांबी सुमारे २६ ते ३० सें.मी.; मादी नरापेक्षा मोठी असते. शास्त्रीय नाव ॲक्सिपिटर बॅडियस. २०२४ पासून काही याद्यांत मात्र तो टॅकिस्पायझा बॅडिया या नावाने सापडतो.

नराची पाठ निळसर राखी, छातीवर तांबूस बारीक आडव्या रेघा आणि डोळे लाल. मादीच्या पाठीवर तपकिरी झाक असते, डोळे पिवळे-नारिंगी. पंख आखूड व गोलसर, शेपटी लांब. चार-सहा वेळा भरभर पंख मारून तो तरंगतो.

ओळखताना खरी अडचण पिल्लावस्थेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पक्ष्याची. त्याची पाठ तपकिरी, छातीवर थेंबासारखे उभे ठिपके आणि गळ्याच्या मधोमध गडद रेघ असते. ही रेघ पाहूनच अनेक जण त्याची नोंद ‘बेसरा’ या शिक्र्यासारख्याच दुसऱ्या शिकारी पक्ष्याची म्हणून करून टाकतात. बेसऱ्याची रेघ जाड व काळी असते, शेपटीवरचे गडद पट्टे रुंद असतात आणि तो सह्याद्रीतल्यासारख्या दाट जंगलाचा पक्षी आहे. गावाजवळच्या बाभळीवर बसलेला पक्षी बेसरा ठरवण्याआधी गळा आणि शेपटी दोन्हींचे स्पष्ट फोटो हवेतच. हिवाळ्यात युरेशियन चिमणीमार ससाणाही येतो. घिरट्या घालणाऱ्या पक्ष्याच्या फोटोत पंखाच्या टोकाची सुटी ‘बोटे’ मोजावीत: शिक्र्याला पाच, त्याला सहा.

पावशा तर रंगाने आणि उडण्याच्या ढबीनेही शिक्र्यासारखाच. इतका की तो झाडात शिरला की छोटे पक्षी कालवा करतात. बसल्यावर चोच पाहावी: पावशाची सरळसर, शिक्र्याची आखूड आणि आकडीसारखी वळलेली. आवाजावरही एकदम विसंबू नये; शिक्र्याची ‘टी-टुई’ हाक कोतवाल हुबेहूब काढतो.

आमराया, शेताच्या बांधावरची झाडे, विरळ जंगल, शहरातल्या बागा अशा ठिकाणी शिक्रा राहतो. पानांआड दबा धरून तो सरडे, उंदीर, खारी, लहान पक्षी आणि मोठे कीटक पकडतो. खारींचा एकसारखा चिरचिराट सुरू झाला, की आसपासच्या फांद्या दुर्बिणीने तपासाव्यात. उन्हाळ्यात नर-मादी मिळून उंच झाडावर काटक्यांचे घरटे बांधतात. त्या काळात जवळ जाऊन फोटो काढू नयेत: जोडी घरट्यावरून उठली की कावळ्यांना अंडी पळवायची संधी मिळते.